चार कडू शेंगदाणे

बाबारावकाकाजींना गिऱ्हाइकाच्या तळहातावर शेंगदाणे ठेवायची सवय होती. अमरावतीच्या टोकाला आमची साठ घरांची कॉलनी आणि तिच्या चौकात त्यांचं किराणा दुकान. "चाखून पाय माय, कडू निंगाले तं घेऊ नको," असं ते प्रत्येक बाईला म्हणत. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही गोड शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाचं मार्ट केलं. माल आपल्या हाताने घ्यायचा आणि डोक्यावर कॅमेरे. शाम्पू, पावडरचे डबे गायब होऊ लागले. चोरी होत होती, मी नाकारत नाही. मग काकाजी कॉलनीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष झाले आणि येता-जाता ऐकवू लागले, "क्यामेरा खोटं बोलत नाही, पोरी. मानूस बोलते." एका निवृत्त साहेबांच्या शालीखाली काजूचं पाकीट सापडलं, तेव्हा मात्र याच समितीने त्यांना चहा पाजून घरी पोचवलं.

कमलामावशी कॉलनीत चार घरी पोळ्या करायची. चांदूर बाजारकडची बाई, दाताखाली धरून पाहिल्याशिवाय दाणा न घेणारी. तिने पोत्यातले चार शेंगदाणे तोंडात टाकले, कडू लागले, म्हणून न घेताच निघाली. दुसऱ्या दिवशी तोंडाशी हात नेलेला तिचा फोटो दुकानाच्या काचेवर. खाली मोठ्या अक्षरांत: चोर ओळखा. आठवडाभरात चारही घरांनी तिला काढलं.

मी भांडायला गेले. तळहातावर दाणे कोण ठेवत होतं, असं त्यांनाच विचारलं. ते बराच वेळ वजनकाटा पुसत राहिले. मग म्हणाले, "समजलं मले. पन आता काचेवरून फोटो काढला तं समितीले कोन मानन?"

तरी एका संध्याकाळी ते मावशीच्या घरी आले. मी तिथेच होते. त्यांच्या हातात शेंगदाण्यांची पिशवी. चुकलो म्हणाले, पण दार लोटून घेऊन, हळू आवाजात. मावशीने पिशवीला हात लावला नाही.

"फोटो चौकात लावला काकाजी, तं माफी घरात काऊन?"

ते पिशवी उचलून गेले. तीन महिन्यांनी हृदयविकाराने वारले. तोवर फोटो काचेवरच होता. चूक कोणाचीही होते, पण ती कळल्यावरही हा माणूस रोज सकाळी ती काच पुसत होता, फोटोसकट.

पत्रकं चांगली लिहिते म्हणून समितीने श्रद्धांजलीचं पत्रक मलाच लिहायला सांगितलं. मी त्यांचं दुकान लिहिलं, कष्ट लिहिले आणि शेवटी लिहिलं: कमलाबाईंनी चोरी केली नव्हती, हे काकाजींना ठाऊक होतं. शोकसभा चौकातच होती. मी ते मोठ्याने वाचलं.

काकाजींचा मुलगा उठला. मला वाटलं, कागद हिसकावणार. तो काचेपाशी गेला आणि नखाने फोटो खरवडू लागला. फोटो निघाला, खालचं 'चोर' चिकटून राहिलं.

मागे उभी असलेली मावशी म्हणाली, "थे बी काढ."