कुऱ्हाडीखालची काळी प्लेट

आमचे मोतीराम भाऊजी रोज संध्याकाळी अंबडच्या कारखान्यातून मखमलाबादला घरी येत, ते थेट कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. काम मात्र चिलखताचं! जवानाच्या छातीवर बसणाऱ्या प्लेटा ते बनवत. मजबूत धाग्याच्या कापडाचे थर एकावर एक, मध्ये चिकट रेझिन, आणि त्या रेझिनमध्ये घोटलेली काळी पूड. पूड कसली, कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. "वहिनी, या नळ्या थरांना घट्ट धरून ठेवतात. पण एक गुठळी राहिली की तिथूनच तडा!" असं ते मला पोळ्या लाटताना सांगत. घरात दुसरं कुणी ऐकायचं नाही, म्हणून मी तावडीत सापडायची.

लग्न तेवढं जमत नव्हतं. घरची फुलशेती सोडून हा काजळी घोटतो, असं मुलीकडचे परस्पर ठरवून मोकळे होत. २००८ साली सायखेड्याच्या भाग्यश्रीचं स्थळ आलं आणि फोटो बघूनच भाऊजी पार विरघळले. "वहिनी, एवढं जमलंच पाहिजे हो!" निघताना त्यांनी साहेबांना विचारून आणलेल्या दोन नमुन्याच्या प्लेटा पिशवीत टाकल्या. मी कपाळाला हात लावला.

मुलीचे वडील कोंडाजी म्हणजे रांगडा गडी. "काय काम करता, पाव्हणं?" म्हणताच भाऊजींनी एक प्लेट अंगणात ठेवली. "मारा कुऱ्हाड!"

कोंडाजींनी कुऱ्हाड उलटी धरून घाव घातला. खाड्! प्लेटचे पापुद्रे सुटले. सगळे गार. आणि आमचे भाऊजी टाळ्या पिटत उड्या मारायला लागले, "फुटली! बघा, फुटली!" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"हिच्यात पूड नव्हती," त्यांनी धापा टाकत सांगितलं. "आता ही काळी घ्या."

ठण्ण! काही नाही. कोंडाजींनी टोपी काढली, बाह्या सारल्या. मग त्यांचे भाऊ, मग शेजारी, मग रस्त्यानं चाललेला एक ट्रॅक्टरवालासुद्धा. प्रत्येक घावाला आरोळी! हसून हसून पोटं दुखली. मुलगी बघायला आलोय हे सगळेच विसरले, अगदी मीही.

भाग्यश्री पोह्यांचा ट्रे घेऊन केव्हाची दारात उभी होती. तिनं ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि प्लेट उलटी केली. मागे चांगलाच फुगवटा आला होता.

"फुटली नाय, खरं हाय. पण मागून फुगलीय. ज्यानं घातली त्याच्या बरगड्यांचं काय?"

थाप मारायची तर हीच वेळ होती.

"एखादी मोडेल," भाऊजी म्हणाले. "पण माणूस घरी येईल."

तिनं फुगवट्यावरून बोट फिरवलं. "माझा भाऊ रोहित काश्मिरात हाय, फौजेत. त्याला मिळंल का अशी?"

"कुणाला जाते ते मला कळत नाही. म्हणून सगळ्याच नीट घोटतो."

"आबा," भाग्यश्री वडिलांना म्हणाली, "ठेवा ती कुऱ्हाड. मला पसंत हाय."

भाऊजींना या वेळी उडी मारायचंही सुचलं नाही. ते मटकन खालीच बसले.