एकशे बारा फुटांची भिंत

तुम्ही कधी भर सभेत, हातात माईक घेऊन, स्वतःच लिहिलेल्या पत्रकाचा जाहीर निषेध केला आहे का? मी केला आहे, आणि तो मला माझ्या मित्राच्या मामांनी करायला लावला. हे मामा म्हणजे आख्ख्या मराठवाड्यातले एकमेव गृहस्थ, जे देवळात हात जोडायच्या आधी गाभाऱ्याची लांबी-रुंदी विचारतात. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. निवृत्त होताना त्यांनी मोजणीची साखळी सरकारला परत दिली, सवय ठेवून घेतली. लोकांच्या खिशात पेन असतं तिथे त्यांच्या टेप असतो. एकदा मी अर्धापूरहून केळी नेली, तर त्यांनी घडातलं सगळ्यात मोठं केळं मोजलं, वहीत लिहिलं आणि मगच सोललं. भाचीला बघायला आलेल्या मुलाने आपली उंची पाच फूट नऊ सांगितली, तेव्हा मामांनी त्याला पाहुण्यांदेखत भिंतीला टेकवून उभं केलं. "पाच सात भरली," ते म्हणाले. "दोन इंच कमी असायची लाज न्हाई, पोरा. वाढवून सांगायची पाहिजे." लग्न झालं, पण जावईबापू अजूनही मामा समोर आले की टाचा उचलतात.

मामांचा जीव मात्र एका पडक्या बंगल्यात अडकलेला. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावाच्या टोकाला, निजामाच्या राज्यात, एका गोऱ्या पाद्र्याने तो बांधला. पाद्री धर्म सांगायला आला होता. लोकांनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, दिलेला चहा प्यायला आणि आपापल्या घरी गेले. त्याची बायको मात्र बाळंतपणं करायची, आणि तिच्याकडे येणाऱ्या बाया पाच-पाच कोसांवरून बैलगाडीने यायच्या. आता बंगला रिकामा आहे आणि नगर परिषदेच्या ताब्यात आहे. मामा रोज सकाळी जाऊन व्हरांडा झाडतात, आणि कुणी लघवीला म्हणून आडोशाला आलं तरी त्याला इतिहास ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. या इतिहासात सनावळ्या नसतात, मापं असतात. "दार साडेसात फूट. कशापायी? सायब उंच होता म्हणून न्हाई. डोक्यावर भारा घेऊन बाई आली तर तिला वाकायला लागू न्हाई म्हणून." हे कशावरून, असं विचारलं की चिडतात. "मी सांगून राहिलो ना!" पण दुसऱ्या कुणी सहज म्हणावं की आमचे आजोबा पाद्र्याबरोबर शिकारीला जायचे, की मामांचा हात पुढे. "कागद हाय का?"

आणि मी? मी पत्रकांवर वाढलेला. वडील चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे इतके, की मी बसायला शिकलो ते त्यांच्याच आधाराने. मी पहिला शब्द 'आई' न म्हणता 'निषेध' म्हणालो, असं आमची आत्या शपथेवर सांगते. तेव्हा कॉलेजच्या पहिल्याच वर्षी माझी नजर गोऱ्या माणसाच्या या बंगल्यावर पडणं अटळ होतं. मी आत पाऊल न टाकता त्यावर पत्रक लिहिलं: 'उखडून टाका!' त्यात 'तीनशे फूट लांबीची ही गुलामीची भिंत आपल्या छाताडावर किती दिवस सहन करणार?' असं एक वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं होतं, की मी ते आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी त्याच पत्रकात मला हिरव्या मिरच्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आले. माझं पत्रक तांबड्या पेन्सिलीने तपासलेलं. विचारांवर एक खूण नाही. फक्त 'तीनशे' खोडून वर 'एकशे बारा'. मी साम्राज्यवादावर बोलू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गुलामी किती बी मोठी असू दे लेका, भिंत एकशे बारा फूटच हाय. चल, टेप धर."

मी गेलो नाही. मला क्रांतीची घाई होती.

यंदा नगर परिषदेने बंगला पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं आणि हरकतींसाठी सभा बोलावली. मामांनी हरकत घेतली. आधारासाठी मला नेलं, कारण मी 'बोलतो चांगलं'. एव्हाना मी मामांबरोबर टेप धरून बंगला आतून पाहिला होता आणि माझं मत बदललं होतं. पत्रकाचं बदललं नव्हतं. नगर परिषदेच्या साहेबांनी फाइल उघडली आणि वाचायला सुरुवात केली. "तरुणांची तीव्र मागणी. 'तीनशे फूट लांबीची ही गुलामीची भिंत...' हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मी माईक हातात घेऊन उभा. तेवढ्यात मामा उठले. "लिहिलं हाय, सायब. मोजलं न्हाई."

सभा हसली. मीही हसलो, आणि मग पत्रकातलं प्रत्येक वाक्य एकेक करून मागे घेतलं. पत्रक दोन पानी होतं, त्यामुळे वेळ लागला. साहेब कंटाळून मामांकडे वळले. "काका, तुमचा त्या बंगल्याशी संबंध काय?"

मामांनी टेप खिशातून काढला, उगाच हातात फिरवला. "आत एक खोली हाय. चौदा बाय बारा. दोन खाटा, मधे तीन फूट. एका खाटेवर पाटलाची सून होती. दुसरीवर माझी आई. दोन दिवस अडली होती. मडमीनं सोडवली. तवा गावच्या विहिरीपासनं माझ्या आईला किती लांब उभं करत होते, ते मी मोजलं न्हाई, सायब."

साहेबांनी फाइल मिटली आणि हळूच विचारलं, "काही कागद आहे?"

मामांनी टेप परत खिशात ठेवला. आजवर हा प्रश्न ते दुसऱ्यांना विचारत आले होते. माझ्या पत्रकात त्या खोलीबद्दल एक ओळ नव्हती.

साहेब भला माणूस. त्यांनी एक महिना दिला: तिथे बाळंत झालेल्या बायांचे, त्यांच्या लेकरांचे सही-अंगठ्याचे जबाब आणा, मग वर कळवतो. तेव्हापासून आम्ही दोघं एसटीने गावोगाव फिरतो आहोत. आजवर सहा जबाब मिळाले. कंधारकडच्या एका आजींनी सांगितलं, "मडमीनं मला उकडलेलं अंडं चारलं, म्हणली, सासूला सांगू नको." मामांनी लिहून घेताच आजी घाबरल्या. "खोडा की ते! कुणी वाचलं म्हंजे?" सासू जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मामांनी, ज्यांनी कधी एक इंच सोडला नाही त्या मामांनी, ती ओळ खोडली. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या आईला बी चारलं असंल. मी कधी इचारलंच न्हाई."

म्हणून, वाचकहो, एवढं करा. तुमच्या घरात, शेजारात, गावात आमच्या भागातली कुणी म्हातारी असेल, तर ती किंवा तिची आई पाद्र्याच्या बंगल्यात बाळंत झाली होती का, एवढं विचारा. ती जे सांगेल ते साध्या कागदावर उतरवून घ्या, खाली अंगठा घ्या आणि बंगल्यावर आणून द्या. मामा सकाळी व्हरांड्यातच असतात. या बायांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा जवळ बसून, जरा मोठ्याने विचारा. आणि लवकर विचारा.