डाव्या खिशातलं रिव्हॉल्व्हर

बसण्यापूर्वी ते दोन्ही हातांनी कोटाचे खिसे चाचपत. आधी उजवा, मग डावा. "दोघंही आहोत," असं म्हणत आणि मगच खुर्चीत बसत.

पोरांनो, तुम्हाला ते आठवतात का, कोण जाणे. अमेरिकेत सिएटलजवळच्या बॉथेलला तुमच्या घरासमोर, निळ्या दाराच्या घरात राहणारे काका. तुम्ही तेव्हा फार लहान होतात. तुम्ही धावत त्यांच्याकडे गेलात की ते दोन पावलं मागे सरत. "थांबा, थांबा, आधी कोट काढू दे!" कोट आत नेऊन कपाटात ठेवत, कपाटाला कुलूप लावत आणि मग तुम्हाला उचलून घेत. तुम्हाला तो खेळच वाटायचा. त्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक रिव्हॉल्व्हर असे.

मलाही हे कळायला दोन महिने लागले. कळलं तेव्हा मी तुमच्या बाबाला म्हटलं, "अरे, समोरचा माणूस शस्त्रं घेऊन फिरतो!" लॅपटॉपमधून मान वर न काढता तो म्हणाला, "आई, अमेरिका आहे ही. लायसन्स आहे त्यांच्याकडे. टेन्शन नको घेऊस."

सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी नुसतं 'अहो' म्हणे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते हे कळल्यापासून ते मला बाई म्हणू लागले. मूळचे नागपूरचे. सिएटलच्या एका टोकाला त्यांचं दूध, पाव, सिगारेट असलं विकणारं लहानसं दुकान होतं. एकदा तिथे भरदिवसा चोर शिरले. काउंटरवर काकू होत्या. काकांकडे नुकतंच घेतलेलं पिस्तूल होतं, पण घाबरलेल्या बोटांना त्याची सेफ्टीची कळच सापडेना. चोरांनी काकूंना ढकललं. त्यांचं मनगट मोडलं आणि पुढे कायमचं वाकडं राहिलं.

काकांनी ते पिस्तूल परत केलं आणि आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, साधं रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढच्या दसऱ्याला अगदी तसंच दुसरं. त्याच्या पुढच्या दसऱ्याला तिसरं. अशी पाच झाली.

"अहो, घ्यायचंच तर निराळं घ्यावं की एखादं," मी एकदा म्हटलं.

"बाई, हाताला एकच गोष्ट शिकवायची. दुसरी शिकवली की तो ऐन वेळी विचार करत बसतो."

काकूंना मी पाहिलं नाही. मी बॉथेलला आले त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. पण त्यांची बोलणी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की रस्त्यात भेटल्या असत्या तर ओळखलं असतं. "लोक दसऱ्याला सोनं आणतात, आमच्याकडे लोखंड येतं," असं त्या म्हणत. त्यांची एकच अट होती. पाचांतलं एक त्यांचं, आणि ते कायम रिकामं राहील. काकू गेल्यावर त्यांचं ते रिकामं रिव्हॉल्व्हर काकांच्या डाव्या खिशात आलं.

रोज सकाळी चहाआधी काका जेवणाच्या टेबलाशी बसून काकूंचं रिव्हॉल्व्हर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धरत आणि चाप ओढत. टक्. टक्. दहा वेळा. हाताची सवय मोडू नये म्हणून. एक रिकामं असतं एवढं मला ठाऊक होतं. पाच सारख्यांमधून ते ओळखायचं कसं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

त्यांची लेक दुसऱ्या राज्यात, विमानाने चार तासांवर. काका दोनदा गॅस सुरू ठेवून फिरायला गेले आणि एकदा दुकानातून घरी यायचा रस्ता विसरले, तेव्हापासून ती मागे लागली होती. "बाबा, प्लीज, आमच्याकडे मूव्ह करा." काकांचं उत्तर ठरलेलं. "ज्या दिवशी हात चुकेल, त्या दिवशी मी स्वतः बॅग भरीन. तोवर हे घर सोडणार नाही." मागच्या अंगणात काकूंनी लावलेला गुलाब होता. त्याला पाणी घालताना ते त्याच्याशी बोलत.

त्या दसऱ्याला त्यांनी मला पूजेला बोलावलं. पाटावर लाल कापड, त्यावर पाची रिव्हॉल्व्हरं, बाजूला दुकानातून आणलेली पिवळी शेवंती. मी तबक मांडत होते तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाई, हात लावू नका हं, मीच पुसतो," असं सांगून ते आतल्या खोलीत गेले.

फोन लांबला. रिव्हॉल्व्हरांच्या मुठींवर तेलकट बोटांचे डाग होते आणि पाचही वेडीवाकडी पडलेली. मला राहवलं नाही. मी ओलं फडकं घेऊन एकेक मूठ पुसली आणि सगळी एका ओळीत लावली. बघते तर फडक्याला मसुराएवढी लाल टिकली चिकटलेली. काकूंचीच असणार. कुठल्या तरी मुठीवरून निघाली होती. टाकून देववेना. तिच्यावर गोंद थोडा शिल्लक होता. पाचांतलं मधलं मला बरं दिसलं, म्हणून त्याच्या मुठीवर ती नीट दाबून लावली.

काका परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी पूजा केली. टिकली पाहून ते मधलं रिव्हॉल्व्हर उचललं आणि डाव्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीचा आवाज झाला. मी चपला न घालता रस्ता ओलांडून धावले. दार उघडंच होतं. कॅलेंडरला भोक पडलं होतं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला डबा फुटून तांदळाची धार ओट्यावर लागली होती. काका उभे होते, धडधाकट, हातातल्या मुठीकडे बघत.

"यावर टिकली आहे ना, बाई? मग हे तिचं. मग यात मी गोळ्या भरल्या कधी?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी काय केलं? मी चहा ठेवला. पोलीस आले, प्रश्न विचारून गेले, तेव्हाही मी गप्प होते. तुमच्या बाबाला काय वाटेल, लोक काय म्हणतील, याची मला भीती वाटली. काका एवढंच म्हणत राहिले, "हात चुकला." संध्याकाळी त्यांनीच लेकीला फोन केला.

शनिवारी ती आली. पाची रिव्हॉल्व्हरं बंदुकीच्या दुकानात गेली. तिने बॅगा काढल्या तेव्हा मात्र मला राहवेना. मी त्यांच्या घरी गेले आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. फडकं, टिकली, मधलं रिव्हॉल्व्हर, सगळं.

लेक म्हणाली, "मावशी, सांगितलंत ते बरं केलंत. पण इट्स नॉट अबाउट द टिकली. चार लोडेड गन्स आणि बाबा एकटे. आय कान्ट डू धिस एनीमोअर." तिचंही खरंच होतं.

काका मात्र हसले. किती तरी दिवसांनी हसले.

"तुमच्या हातून? बाई, तुम्ही मसाल्याच्या बाटल्यांनासुद्धा तारखा लावता. माझ्यासाठी खोटं नका बोलू."

"अहो, देवाशपथ सांगते."

"असू दे. छान रचलंत. टिकलीचं तर फारच छान."

मी पुन्हा सांगितलं. मग इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, पोरांना थोपटतात तसं.

तिकडे गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात ते वारले. लेकीने फोनवर सांगितलं, की शेवटपर्यंत कोणी काही विचारलं तर ते म्हणत, "मला नका विचारू, माझा भरवसा नाही." ते त्यांच्या मनात मी घातलं, आणि मला ते काढता आलं नाही. तुम्ही पत्रात मला 'नीटनेटकी आजी' लिहिता, म्हणून हे तुम्हाला ठाऊक असावं.

बॉथेल सोडून लेकीकडे जायच्या दिवशी बारीक पाऊस होता. लेकीने त्यांच्यासाठी नवा कोट आणला होता. गाडीत बसण्यापूर्वी ते सवयीने थांबले आणि खिशांकडे हात नेले. आधी उजवा, मग डावा. नव्या कोटाचे खिसे, दुकानातून येतात तसे, अजून तोंडाशी शिवलेलेच होते. डाव्या खिशाशी त्यांची बोटं थोडा वेळ आत जायला वाट शोधत राहिली.