चाचांच्या नावाने

“देऊन टाक ना, बाय. मागतोय बिचारा.”

चाचांचं हे वाक्य मी जेद्दाच्या ऑफिसात इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे ते माझ्या दारात दिसले की मीच विचारायचे, “आज कोण बिचारा?” मग ते छातीवर हात ठेवून हसायचे आणि नाव सांगायचे. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल बघा, ज्याला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.

आमची कंपनी यात्रेकरूंसाठी हॉटेलच्या खोल्या बघायची. मुख्य ऑफिस जेद्दाला बलद नावाच्या जुन्या वस्तीत, शाखा मदिन्यात. कुठला गट कुठल्या हॉटेलात, कोणाला कोणती खोली, हे सगळं एका सामायिक डेटाबेसमध्ये असायचं आणि मदिन्याची माणसं तो तिथून उघडायची. त्यात कोणी नुसतं बघायचं, कोणी बदलायचं आणि कोणी पुसायचं, हे ठरवणं माझं काम. थोडक्यात, मला नाही म्हणण्याचा पगार मिळायचा. मी नाशिकची. आमच्या घराण्यात हे काम फुकटही करतात.

चाचा बुकिंगचे प्रमुख. दापोलीकडचे, साठी उलटलेली, मेंदी लावलेली दाढी, गालात कायम एक वेलची. कोकणात लेकीला म्हणतात तसं पहिल्या दिवसापासून मला बाय म्हणायचे. मी विरघळायचे, पण परवानगी द्यायचे नाही.

त्यांना आता घरी जायचं होतं, कायमचं. फायनल एक्झिटचा अर्ज केलेला होता. रोज दुपारी चाचींचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्या फोन ओटीवर फिरवून दोन खुर्च्या दाखवायच्या. “ही माझी, ही तुमची. तुमच्या खुर्चीत हल्ली मांजर बसतं.” चाचा मान खाली घालून म्हणायचे, “येतो आता.” हे ‘येतो आता’ त्यांच्या घरी बरीच वर्षं चाललेलं होतं.

एका दुपारी चाचा माझ्यासमोर बसून सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पीत होते आणि मी डेटाबेसच्या नोंदी चाळत होते. नोंदी सांगत होत्या की याच घटकेला चाचा मदिन्यात भराभर खोल्या वाटताहेत.

“चाचा, तुम्ही आत्ता मदिन्यात आहात,” मी म्हटलं.

“अल्हम्दुलिल्लाह,” चाचा म्हणाले. “खरंच असतो तर किती बरं झालं असतं.”

खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मदिन्याची अख्खी शाखा चाचांच्या लॉगिनने काम करत होती. पासवर्ड होता चाचींचं माहेरचं नाव, आणि ते तिथल्या बांगलादेशी रिसेप्शनिस्टपासून सगळ्यांना तोंडपाठ होतं. मी फार चिडले. टॉवेलसुद्धा माणूस असा वाटेल त्याला वापरायला देत नाही, असं बरंच बोलले.

“त्यांचं चालत नाय, बाय. माझं चालतं,” चाचा शांतपणे म्हणाले. “म्हातारी माणसं लांबून येतात, लॉबीत बॅगांवर बसतात. त्यांना काय सांगायचं, परवानगी नाय?”

त्यात तथ्य होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं. माझ्या आधीच्या कोणीतरी जेद्दाबाहेरून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला पाहुण्यांच्या गटात टाकून ठेवलं होतं. पाहुण्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. हे कळल्यावर चाचांना मनापासून वाईट वाटलं. “इतकी वर्षं राबणारी माणसं, आणि पाहुणी?” असं दिवसभर पुटपुटत होते. मी मदिन्याचा वेगळा गट केला, सगळे हक्क दिले, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन पाठवलं. खलास, असं वाटलं.

खलास कुठलं. दुसऱ्या दिवशी चाचा मदिन्यात पुन्हा जोरात कामाला लागले होते.

एव्हाना ही गोष्ट मुदीरच्या, म्हणजे आमच्या सौदी मॅनेजरच्या कानावर गेली होती. त्याने चाचांना सरळ सांगितलं, मदिना तुमच्या नावाशिवाय चालेल त्या दिवशी तुमच्या कागदावर सही करतो. तोवर एक्झिट नाही. चाचींना हे कळलं तेव्हा त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “तो तुमचा डेटाबेस म्हणजे माझी सवत आहे सवत.”

मग आमचा रोजचा खेळ सुरू झाला. सकाळी मी चाचांचं लॉगिन बंद करायचे. दुपारच्या नमाजापर्यंत मदिन्याहून त्यांना फोन यायचा, “चाचा, परमिशन नहीं है.” की चाचा माझ्या दारात. “चालू कर, बाय. बस आलीय.” ज्या लॉगिनपायी घर अडलं होतं तेच चालू कर म्हणून हा माणूस माझ्या विनवण्या करत होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, पण धोंडा उचलायला मदत कर म्हणणारे हे पहिलेच.

मी इथून सगळं तपासलं. गट तपासला, हक्क तपासले, मदिन्याचे कॉम्प्युटर फोनवरून एकेक करून बंद-चालू करायला लावले. तिथे जाऊन बघावं तर आमची शाखा मशिदीला लागून, आणि मी मुसलमान नाही म्हणून त्या भागात मला प्रवेश नाही. चाचांना याची गंमत वाटायची. “तुला तिथली परवानगी नाय, त्यांना इथली नाय. फिट्टंफाट.”

शेवटी मी वेगळ्याच नोंदी काढल्या आणि कपाळावर हात मारला. मदिन्यातल्या कोणीही स्वतःचं लॉगिन एकदासुद्धा वापरून पाहिलं नव्हतं. परवानगी सगळ्यांना होती. ‘परमिशन नहीं है’ ही चक्क थाप होती. मी त्या रिसेप्शनिस्टला फोन लावून फैलावर घेतलं. तो मग हळूच म्हणाला, “मॅडम, गलती हो गई तो? अभी चाचा का नाम आता है. हमारा आएगा तो नौकरी जाएगी.”

मी तरातरा चाचांकडे गेले. त्यांना हे ठाऊक होतं.

“नवीन पोरं, नोकरी गेली की इकामा गेला, इथं राहायचा परवाना गेला, ही धास्ती,” ते म्हणाले. “चुका सगळ्यांच्याच होतात. मला मुदीर दोन शब्द बोलतो, मी चहा पितो. माझं काय जातं?”

मी ओशाळले. चाचांच्या नावावर चुका फार, हे मी स्वतः मोजून मुदीरला सांगितलेलं होतं. पण माझा मूळ स्वभाव कुठे जाणार? मी म्हटलं, “तुमचं घर जातं. बसा मग इथेच. चाचींना सांगते, ती खुर्ची मांजराच्या नावावर करा.”

चाचा वेलची चघळायचे थांबले. मग उठून मुदीरच्या केबिनमध्ये गेले. आत काय बोलले, मला माहीत नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “पहिल्या चुकीला तो कोणाला बोलणार नाय. मी मागितलं, त्याने दिलं.” इतक्या वर्षांत त्या एक्झिटशिवाय त्यांनी मुदीरकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि हेही स्वतःसाठी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी लॉगिन बंद केलं. चाचा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. दुपारी फोन वाजला. “चाचा, बस आ गई. परमिशन नहीं है.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी डोळे मिटले.

“नाय रे, बाबा. अब नहीं. अपने नाम से करो.”

फोन ठेवून त्यांनी पाणी मागितलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर त्या रिसेप्शनिस्टचं नाव उमटलं. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. आणि लगेच पहिली चूकही झाली, दोन कुटुंबांना एकच खोली.

चाचा ताडकन उठले. “मुदीरला सांगतो, माझी चूक.”

“चाचा, बसा,” मी म्हटलं. “तुमचं लॉगिन बंद आहे. तुम्हाला आता चूक करायची परवानगी नाही.”

ते बसले. चूक ज्याची त्याने निस्तरली. मुदीरने सही केली.

चाचा गेले त्या दिवशी मी त्यांचं लॉगिन कायमचं पुसलं. नियम म्हणजे नियम. मग बाथरूममध्ये जाऊन रडून आले. ते कुठल्या नियमात बसतं, मला विचारू नका.

परवा चाचींचा व्हिडिओ कॉल आला. ओटीवर ही गर्दी. दोन्ही खुर्च्यांत रिक्षावाले, पायरीवर शेजारच्या सुना, कठड्यावर मुलं, आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.

“ह्यांनी वाय-फाय घेतलं, बाय, आणि पासवर्ड अख्ख्या मोहल्ल्याला दिला. माझंच नाव. आता ह्यांनाच बसायला जागा नाय. तुला तिथून बंद करता येतं का?”

“नाही, चाची,” मी म्हटलं. “ते त्यांच्या नावावर आहे.”

मागे चाचा खांबाला टेकून उभे होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मांजर.

“राहू दे, बाय,” ते म्हणाले. “मागत होते बिचारे.”