केळ्याच्या ओळीतली पोरगी

औश्याकडच्या आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. बुधवारी अंडी असतात. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्या लेकरांना केळं. ती भिंतीकडच्या ओळीत बसतात.

त्या ओळीत तिसरीतली एक पोरगी आहे, लिंगायताची. हात काडीसारखे. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. गोळी दिली की उलटी करते. वर्गातल्या बाई म्हणायच्या, पहिल्याच तासाला दप्तरावर डोकं टाकते, काल वाचलेलं आज आठवत नाही.

दिवाळीनंतर एका बुधवारी मी पाहिलं. तिनं गळ्यातली लिंगाची डबी पाठीवर सरकवली, केळं शेजारच्या ओळीतल्या मैत्रिणीला दिलं आणि तिचं अंडं दोन घासांत खाल्लं. मग कडुलिंबाच्या पाल्यानं हात चोळून धुतले आणि डबी पुन्हा पुढं घेतली.

मी खिचडी वाढत राहिले. मला चार माणसांत बोलायला तसंही जमत नाही. पण धाकधूक लागली. घरी कळलं तर तिचं शाळेतलं जेवणच बंद करतील, आणि सकाळी ती नुसत्या चहावर येते. पुढंही दर बुधवारी तसंच चाललं. संक्रांतीपर्यंत बाई सांगू लागल्या की आता जागी असते, धडा वाचून दाखवते. अंड्यानंच की कशानं, मला काय कळतं.

मग एक दिवस तिची आजी आली. स्वयंपाकखोलीच्या दारात टेकली, गुडघ्यांचं दुखणं सांगितलं, आणि हळूच विचारलं, "आमची पोर केळंच खाती न्हवं?"

पोरगी नळावर ताट धूत होती. तिचा हात थांबला.

"हाव, केळंच खाती," मी म्हणाले.

आजीला बरं वाटलं. उठताना एवढंच म्हणाली की मग अंगाला का लागत नाही कुणास ठाऊक.

पुढच्या बुधवारी मैत्रिणीनं अंडं पुढं केलं तर हिनं मान हलवली आणि केळं सोललं. ताट ठेवायला आली तेव्हा मी हळूच विचारलं, का गं?

"मावशी, माझ्यापायी तुमाला खोटं बोलावं लागलं. आज्जी म्हणती, खोटं बोलल्यावर पाप लागतंय."

आता तिच्या ताटात मी बुडातली घट्ट डाळ वाढते, तेवढी ती खाते. काल पाण्याची घागर घेऊन वर्गावरून गेले. पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. तिचं डोकं परत दप्तरावर होतं.