बारक्याच्या बोटीला तांदळाची कड

बारक्या माझ्या दुकानात आला की आधी भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करतो आणि मग विचारतो, "बेन, बरी हायस ना?" मी चिडते. डहाणूत फोटोफ्रेमचं दुकान मी वीस वर्षं चालवते आहे. माझ्या फ्रेमा वाकड्या नसतात. असल्याच तर केसभर. पण या माणसाला केसभरही खपत नाही. अरे-तुरे तो सगळ्यांनाच करतो, मला काय आणि तलाठ्याला काय, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फ्रेमांचा मात्र दर वेळी राग येतो.

तो डहाणूजवळच्या कैनाड गावचा. थोडी भातशेती आहे, घरी बायको रूपी. पूर्वी तलासरीला हायवेवर गाड्या रंगवायच्या गॅरेजात होता. ट्रकच्या दारांवर पट्टे मारायचं काम याचं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, गॅरेज सुटलं आणि हा घरी बसून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या वीतभर वस्तू करायला लागला. कधी बैलगाडी, कधी टेम्पो, बहुतेक वेळा लाल एसटी. मी त्यांना काचेची पेटी करून दुकानात ठेवते. एसटीचा पट्टा बघून एक गिऱ्हाईक म्हणालं, "हे मशीनवर छापलंय ना?" मी बारक्याला ते सांगितलं, तर स्वारी दोन दिवस हसत होती.

मशीन कसलं! कागदी मास्किंग टेप. माझ्याकडचा काचेचा उरलेला तुकडा घ्यायचा, त्यावर टेप चिकटवायची, स्टीलची पट्टी धरून ब्लेडने तिच्या सुतळीएवढ्या बारीक फिती कापायच्या. जिथे रेघ हवी तिथे दोन्ही बाजूंना फिती लावायच्या, मधे रंग भरायचा, फिती काढायच्या. सांगायला एवढंच. करायला बसलं की माझ्यासारखीचा धीर पहिल्याच फितीला संपतो. मी करून बघितलं आहे, त्याची आठवण कोणी काढू नये.

गेल्या होळीनंतर मिथुन माझ्या दुकानात आला. खाडीकडचा मासेमार, चाळिशीचा, बोलायला भिडस्त. त्याच्या वडिलांची लाकडी बोट आता मोडीत काढली होती आणि दारात फायबरची नवी उभी होती. जुन्या बोटीचा एक फोटो त्याने मोबाइलवर दाखवला. निळी बोट, अंगावर तीन पट्टे. वर दोन बारीक, पिवळा आणि पांढरा, आणि खाली एक रुंद लाल.

"आईसाठी पाहिजे," तो म्हणाला. "आईला वाचता येत नाही, नावं काय सगळ्याच बोटींवर असतात. ती पट्टे ओळखायची. किनाऱ्यावर बायका उभ्या असायच्या, सगळ्यांच्या आधी आई बोलायची, 'आली.' आणि तशीच घरी जाऊन भात टाकायची. बोट तोडली तेव्हापासून काही बोलत नाही. विचारलं तर म्हणते, लाकूडच ते, तोडणारच. आता डोळ्यांनी जरा कमी दिसतं तिला. म्हणून पट्टे एकदम चोख पाहिजेत. तिने बघितल्याबरोबर ओळखली पाहिजे."

बारक्या तिथेच बसला होता. "वळखंल," एवढंच म्हणाला. पण मला त्याचा चेहरा माहीत आहे. त्याने ते मनावर घेतलं होतं.

आणि पहिल्याच बोटीला तो फसला. गॅरेजात पत्र्यावर फवाऱ्याने रंग मारायचा, तिथे टेपखाली रंग जात नाही. इथे लाकूड आणि ब्रश. रंग लाकडाच्या रेषांतून टेपखाली शिरायचा आणि पट्ट्याला मिशा फुटायच्या. एसटीला रंगाआधी तो लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, हात द्यायचा, बोटीच्या फळ्या मात्र त्याला दिसायला हव्या होत्या, म्हणून लांबी नाही. मग या हुशार माणसाने काय केलं? त्याच्या घरी लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं पांढरं चित्र, लिहायला तांदूळ वाटून कालवतात. भिंतीवर तो लेप घट्ट बसतो हे त्याने जन्मभर बघितलेलं. त्याने रूपीकडून तसाच तांदळाचा लेप करून घेतला, जरा दाट, आणि काडीने टेपच्या कडेला लावला, म्हणजे फट बुजेल. वर रंग.

फट बुजली. मिशा फुटल्या नाहीत. पण टेप काढल्यावर प्रत्येक पट्ट्याच्या कडेला दोऱ्याएवढा उंच बांध उभा. भातखाचराचा असावा तसा. रूपी म्हणाली, "भिंतीवरचं भिंतीवर राहू दे, माणसा." मी तर त्याला फाडून खाल्लं. "मिथुनला हे दाखवणार? झुरळं येऊन कड खातील!" रेघ सरळ होती हे तेवढं बोटाने दाखवून तो गेला.

दुसऱ्या बोटीला त्याने पंधरा दिवस घेतले. या खेपेला टेप लावल्यावर आधी तिच्या कडेवरून बोटीचाच निळा रंग फिरवला. शिरायचा तो निळाच आत शिरला आणि फट बंद झाली. मग पिवळा, पातळ, दोन हात. रंग पुरता वाळायच्या आत टेप मागे दुमडून सावकाश ओढली. नंतर पाणी लावून बारीक पॉलिश पेपर फिरवला. बोट माझ्या हातात दिली तेव्हा मला शिवी द्यायला जागाच सापडली नाही. पट्टे असे की नजर घसरत जावी, आणि हात लावला तर कुठे निळा संपतो आणि लाल सुरू होतो ते कळू नये. मी सागवानी चौकटीची काचपेटी केली. माझंही काम त्या वेळी उत्तम झालं होतं, हे मीच सांगते कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने मिथुनकडे गेलो. बारक्याच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात ती बांधवाली पहिली बोट. "घरात पोरं असतील, खेळतील," म्हणाला.

मिथुनची बायको दक्षा हिने पाणी दिलं. म्हातारी, हिरूमावशी, खिडकीशी लोखंडी खाटेवर बसली होती. अंगाने सडसडीत, कपाळावर गोंदण. मिथुनने पेटी तिच्यासमोर ठेवली. "आई, बघ काय आणलंय. आपली बोट."

हिरूमावशीने मान हलवली. "छान हाय," म्हणाली. "चांगली केली हो."

एवढंच. "आली" नाही की काही नाही. मिथुनचा चेहरा पडला. बारक्याने माझ्याकडे बघितलं. मला म्हातारीचा रागच आला, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवस माणूस राबला आणि ही शेजारणीच्या लुगड्याला म्हणावं तसं छान म्हणते! मग माझं लक्ष गेलं. पेटी तिच्या डावीकडे होती आणि ती उजवीकडे बघून छान म्हणत होती.

मी पेटीची काच उचलली आणि बोट तिच्या हातात दिली. तिने ती गोंजारली. बोटं निळ्यावरून गेली, पिवळ्यावरून, लालवरून, पुन्हा निळ्यावर आली आणि कुठेच थांबली नाहीत. "लय गुळगुळीत हाय," ती हळूच म्हणाली.

"आई," मिथुन म्हणाला, "तुला दिसत नाही?"

"दिवाळीपासून नाय. उजेड कळतो. घर पायाखालचं हाय. तुला कशाला घोर लावू, तू समुद्रावर जातो."

मिथुन खाली बसला. दक्षाने तोंडाला पदर लावला. माझी काच, माझं सागवान, त्याची ती नजर घसरवणारी रेघ, सगळं त्या खाटेवर फुकट पडलं होतं.

बारक्या उठला. पिशवीतून पहिली बोट काढली, हिरूमावशीच्या हातातली हलकेच घेतली आणि ही दिली. "आये, ही बघ. ही बिघडलेली हाय."

तिने पुन्हा बोटं फिरवली. वरच्या पहिल्या बांधाला नख अडलं. बोटं थांबली. उतरली, पुन्हा अडली.

"ही बारीक," ती म्हणाली. "पिवळी." अंगठा खाली सरकला. "ही पांढरी." मग तिने पूर्ण तळवा फिरवला, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, दोनदा. "ही आपली रुंद. लाल." तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कुठल्या फ्रेममध्ये बघितलेलं नाही. तिने बोट फिरवली, बोटीची नाळ, पुढचं टोक, स्वतःच्या बाजूला केली, जशी किनाऱ्याकडे येताना असते तशी, आणि मांडीवर धरली.

"कडेला काय लावलंस, बाबा?"

"तांदूळ," बारक्या ओशाळून म्हणाला. "घरचाच हाय. कैनाडचा."

"आली," हिरूमावशी म्हणाली. आणि मान दाराकडे वळवून घरच्या कर्त्या बाईसारखी जोरात ओरडली, "दक्षा, भात टाक!"

दक्षा डोळे पुसत उठली आणि तिने खरंच भात टाकला. आम्ही जेवूनच निघालो. बोंबलाचं कालवण होतं. मिथुन आईच्या शेजारी बसून जेवला आणि सोमवारी बोट न काढता तिला डॉक्टरकडे न्यायचं त्याने तिथेच ठरवलं.

गुळगुळीत बोट पेटीसकट माझ्या दुकानात आहे. बारक्या येतो, ती पेटी सरळ करतो. परवा मी म्हटलं, "अरे, विकू का ही?" तर म्हणाला, "विक. चांगली हाय. पण ती नाय ती."