तलावाकाठच्या घराचा भाव

केशोरीकडच्या एका गावात उदाराम शिंप्याचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. ते विकायचं आणि अर्जुनीत शिलाईचं दुकान टाकायचं, हे त्याचं कधीचंच ठरलेलं. पण २००५ साली आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाने घर पाहिलंच नाही. साऱ्या गावाच्या नाल्या तलावात, वर जलकुंभीची, म्हणजे जलपर्णीची, गादी. तो बिचारा नाकाला रुमाल लावून अंगणात उभा राहिला आणि गोठ्याला द्यावा तेवढा भाव सांगून गेला.

उदारामने मनावर घेतलं. बिघडलेलं उसवून पुन्हा शिवायचं, हा तर त्याचा धंदाच. तलावात मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींना हाताशी धरून त्याने जलकुंभी उपसली, ग्रामसभेत भांडून नाल्यांची तोंडं दुसरीकडे वळवली. त्या काळात गावाचे शर्ट रखडले, पण दोन पावसाळ्यांत पाणी असं निवळलं की म्हशीसुद्धा पाय पुसून उतरायच्या. निदान उदाराम तसं सांगायचा.

मग निवृत्त रत्नपाल गुरुजी आणि त्यांच्या कुसुमबाई घर पाहायला आले. त्या भागात तलावाकाठचं घर घेणारा आधी त्याच तलावाचा मासा खातो, मग भाव बोलतो. पाण्याची खरी परीक्षा जिभेवर. ऐन वेळी उदारामची हिंमत खचली. उगाच दगा नको म्हणून त्याने बाजारातून इटियाडोह धरणाचा रोहू आणला.

कुसुमबाई चोरखमारा तलावाच्या काठावर वाढलेल्या. पहिल्याच घासाला थांबल्या.

"उदारामभाऊ, हा बर्फातला मासा आहे. तुमचाच तुमच्या तलावावर भरोसा नाही, त आमी काऊन ठेवाचा?"

उदारामच्या डोळ्यांसमोरून दुकान, मशीन, पाटी, सगळं निघून गेलं. तेवढ्यात त्याची बायको शामकला चुलीजवळून उठली. बाजारचा मासा ती खात नसे. स्वतःपुरते तलावातले बोटभर मासे तिने वेगळे रांधले होते. तेच तिने पाहुण्यांना वाढले.

कुसुमबाईंनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. चिखलाचा वास शोधत होत्या, तो काही सापडेना. गुरुजींनी सवयीने भाव थोडा उतरवायची गोष्ट काढली. पण उदारामला आता कंठ फुटला होता.

"गुरुजी, रस्सा भुरकून भाव पाडून राहिले काय?"

कुसुमबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ताट पुढे केलं. घर मागितल्या भावात गेलं.

अर्जुनीतलं दुकान आता झोकात चालतं. शामकला मात्र अधूनमधून पिशवी घेऊन जुन्या घरी जाते आणि कुसुमबाईंकडून मासे घेऊन येते. बाजारचा मासा ती अजूनही खात नाही.